जागा खाणारं गाणं

१

मंगळवार होता आणि दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की आठवते, कारण ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात लिहिलेली होती आणि तिच्याच वर ती चौकट उगवली होती. मी नुकती कामावरून आले होते. एक चप्पल काढलेली, एक पायातच. चौकटीत इंग्रजीत दोन ओळी होत्या. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी मी पालेभाजी निवडावी तसं वाचते, एकेक अक्षर वेगळं करून. तरी एवढं लागलं की कॉम्प्युटरमधली जागा संपत आली आहे, काहीतरी काढून टाका.

मनात म्हटलं, घरातली जागा तर कधीच संपली, आता याच्यातलीही संपली.

आमचं घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, ठकूच्या पलंगाला लागून, कारण तिथेच प्लग आहे. ठकू माझी मुलगी, नुकतं तिसरं लागलेलं. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. खोक्यांना घड्या घालायच्या, आत चिठ्ठी सरकवायची, झाकण लावायचं. ठकू उठायच्या आत घर सोडावं लागतं. सुरुवातीला ती जागी झाली आणि मी दिसले नाही की रडून रडून निळी पडायची. तिला सांभाळायला माझ्या सासूबाई असतात. ठकू झाल्यापासून आम्ही सगळेच त्यांना आजी म्हणतो. आजी पोरीला तळहाताच्या फोडासारखी जपतात, पण त्यांना कानाने फारच कमी ऐकू येतं. ठकूला झोपवायचं ते माझ्याच आवाजाने. दुसरं काही तिला चालत नसे.

म्हणून मी युक्ती काढली. ठकूला झोपवताना मी एक गाणं म्हणते, माझंच जोडलेलं. बूट झोपला, मोजा झोपला, खुंटीवरची पिशवी झोपली. असं करत घरातली एकेक वस्तू झोपवत न्यायची. चाल वगैरे काही नाही, नुसती पुटपुट. एका रविवारी मी कॉम्प्युटरच्या माइकसमोर बसले आणि ते गाणं भरून ठेवलं. वस्तू संपल्या तिथे थांबले. वीसेक मिनिटं झाली असतील. मग खालच्या लांब बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला आणि आजींना दाखवलं. ठकू कुरकुरली की हे दाबा. आणि पडद्यावर काहीबाही उगवलं तरी हेच दाबा, म्हणजे ते निघून जातं.

तेव्हापासून ठकू रडायची थांबली. पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या, बाई, तू नशीबवान.

त्या मंगळवारी मीही तोच ठिपका दाबला. चौकट गेली. ठकू झोपलेली होती आणि गाणं हळू आवाजात चालू होतं. मी दुसरी चप्पल काढली.

२

संध्याकाळी हे घरी आले. हे कुरिअरची गाडी चालवतात. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सरळ विचारलं, "अहो, कॉम्प्युटरमध्ये काय काय भरून ठेवलंय तुम्ही?"

"मी? मला त्यात पत्ते खेळायला वेळ मिळत नाही."

"मग जागा कुठे गेली?"

"तुझ्या माहेरच्यांचे फोटो असतील. एकेका लग्नाचे चारशे."

"माझ्या माहेरी चारशे माणसं तरी आहेत का?"

ते हसले, पण माझ्याकडे न बघता हसले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नवरा रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर काय बघतो, हा प्रश्न पॅकिंगमध्ये रोज कुणीतरी कुणालातरी विचारतं. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

कॉम्प्युटर आम्हाला यांच्या धाकट्या भावाने दिलेला. त्यांच्या ऑफिसात नवे आले तेव्हा जुने वाटून टाकले. भाऊजींना ह्यांनी फोन लावला आणि माझ्या कानाला दिला.

"वहिनी, घाबरायचं काही नाही," भाऊजी म्हणाले. "आधी कचरापेटीचं चित्र दिसतंय का? ती उपसा. माणसं फोटो पुसतात आणि कचरा घरातच ठेवतात."

ते सांगत गेले, मी करत गेले. कचरापेटी रिकामी केली. तात्पुरत्या फायली म्हणून काही असतात, त्याही काढल्या. कॉम्प्युटरमध्ये जागेची एक पट्टी दिसते. मोकळं असेल तर निळी, भरत आलं की लाल. आमची लालभडक होती. भाऊजींनी सांगितलेलं सगळं झाल्यावर ती निळी झाली.

"बघा. झालात की नाही इंजिनीअर?"

मला बरं वाटलं. ह्यांच्यावर घेतलेला संशय मनातल्या मनात मागे घेतला. सगळा नाही.

३

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर पट्टी लाल.

कुणी फोटो घातले नव्हते. कुणी काही उतरवून घेतलं नव्हतं. मी ठकूला भरवायला त्याच खोलीत बसले आणि पट्टी उघडीच ठेवली. पट्टीखाली उरलेल्या जागेचा आकडा असतो. पहिल्या घासाला जो होता तो शेवटच्या घासाला नव्हता. कमी झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत, कुणी बटणाला हात न लावता.

घराला गळती लागली की माणूस आधी नळ बघतो. मी भाऊजींना बघितलं. कॉम्प्युटर त्यांचा, त्यात काय घालून दिलंय ते त्यांनाच ठाऊक. अशा बातम्या आपण वाचतोच, की दूर बसून लोक दुसऱ्याच्या घरात बघतात. कॅमेरा पडद्याच्या डोक्यावरच बसवलेला. मी त्यावर मोजा घातला. मग इंटरनेटची वायर उपटली. म्हटलं, आता काय येतं आणि काय जातं ते बघू.

आकडा उतरतच राहिला.

ठकू पलंगावर बसून बाहुलीचा पाय पिळत होती. मधेच ती कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "नाही. सकाळी नाही आली." आणि आकडा उतरला.

"कोण नाही आलं गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. लहान मुलं गोळी लपवतात तसे.

मी तिला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. साबण घेतला, गरज नव्हती तरी. परत आले तर आकडा जिथे सोडला होता तिथेच उभा होता. ठकूला पलंगावर ठेवलं. ती बडबडायला लागली. आकडा हलला.

योगायोग असतात, मी मनाला समजावलं. जुनी यंत्रं अशीच वागतात. आमच्या कारखान्यातलं छपाईचं यंत्र मुकादम जवळ आला की अडतं, म्हणून ते काय मुकादमाला ओळखतं? पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून तीनदा उगीच आतल्या खोलीत डोकावले.

४

रविवारी भाऊजी स्वतः आले. ठकूसाठी फुगा आणला होता. तो तिने घेतला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळ्या फायली मोठी आधी, लहान नंतर अशा लावल्या.

"अरे वा. हा बघा तुमचा चोर. आयत्या बिळावर नागोबा! एकच फाईल सगळ्या घरात पाय पसरून बसलीये." मग ते नाव वाचून वळले. "वहिनी, हे तर तुमचं गाणं आहे."

"तेवढंच असणार. वीस मिनिटांचं."

"वीस मिनिटं? किती दिवस गात होतात? हे बसून ऐकायचं म्हटलं तर मला नोकरी सोडावी लागेल."

हे दारातून म्हणाले, "माझ्याशी दिवसाकाठी दोन वाक्यं बोलते. उरलेली इथे जमा करत असणार."

दोघं भाऊ हसले. मला हसू आलं नाही. भाऊजींनी बोट ठेवून दाखवलं की ही फाईल शेवटची कधी बदलली. तारीख आजची होती आणि वेळ आत्ताची.

"सोपं आहे," ते म्हणाले. "माइक चालूच राहिलाय. खोलीतला आवाज गाण्याच्या शेपटाला जोडला जातोय. कुणीतरी परवानगी दिली असणार. असं काही सुरू व्हायचं तर कॉम्प्युटर आधी विचारतो."

आम्ही तिघांनी आजींकडे पाहिलं. त्या खिडकीत बसून ह्यांच्या शर्टाचं बटण लावत होत्या. ह्यांनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "आई, कॉम्प्युटरवर काही लिहून यायचं का?"

"यायचं की. कधीकधी यायचं."

"मग तू काय करायचीस?"

"लाल ठिपका दाबायची. सूनबाईनेच सांगितलेलं."

"काय लिहिलेलं असायचं?"

"मला काय ठाऊक? चष्मा मी शिवणापुरता लावते. ती म्हणाली दाबा, मी दाबलं. मी कुणाला नाही म्हणालेली नाही." आजी रागावल्या. "आता घरात यंत्राची चौकशीसुद्धा म्हातारीवर?"

आम्ही त्यांची समजूत काढली. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! उत्तर मिळालं होतं आणि ते साधं होतं. विचारल्यावर हो म्हटलेलं, आणि माइक ऐकत बसलेला.

भाऊजी म्हणाले, "उडवून टाकू?" तेवढ्यात ठकू किंचाळली. ती कधी किंचाळत नाही. ती पलंगावरून उतरून कॉम्प्युटरच्या डब्याला मिठी मारून बसली आणि तिला सोडवता सोडवता ह्यांच्या हाताला ओरखडे आले.

"असू दे," मी म्हटलं. "मी उद्या सुट्टी घेते. आधी ऐकते, पोरीचे बोल असतील त्यात, ते वेगळे काढू. मग उडवू."

५

सोमवारी सकाळी हे गेले. आजी शेजारच्या घरी बसायला गेल्या. ठकू बाहेरच्या खोलीत ठोकळे रचत होती. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मी कानांवर हेडफोन चढवला आणि लाल ठिपका दाबला.

बूट झोपला, मोजा झोपला. माझाच आवाज, जरा दमलेला. आपला आवाज बाहेरून ऐकला की परक्याचा वाटतो, तसं वाटलं. शेवटी मी जिथे थांबले होते तिथे आवाजही थांबला. आता खोली ऐकू यायला हवी होती. आजींचा खोकला, भांडी, ठकूचं रडणं, बाहेरच्या गाड्या.

काहीच नव्हतं. आमच्या घरात इतकी शांतता कधी नसते.

मग गाणं पुढे सुरू झालं.

पडदा झोपला. पडद्याची कडी झोपली. हे मी गायले होते का? असेन. माणसाला सगळं कुठे आठवतं. पंखा झोपला. आरशातला पंखा झोपला. मी गाणं पुढे ढकललं. निळी बादली झोपली.

मी हेडफोन काढला आणि न्हाणीघरात जाऊन बादली बघून आले. निळीच होती. मागच्या आठवड्यात जुनी तडकली म्हणून घेतलेली. गाणं भरलं तेव्हा ती दुकानातसुद्धा आली नसेल.

परत येऊन मी आणखी पुढे ढकललं. आता गाणं नव्हतं. माझा आवाज बोलत होता. लहान मुलाशी बोलतो तसा, सूर लावून.

"हं? मग?"

थोडी जागा कोरी.

"असं? आणि हसते कशी? करून दाखव बरं."

पुन्हा कोरी जागा. ठकूचा आवाज त्या जागेत नव्हता. तिचं बोलणं जेवढं लांब असेल तेवढी शांतता होती फक्त. मग माझा आवाज हसला. आधी चुकीचा. मग जरा बरा. मग अगदी माझ्यासारखा, शेवटी नाकातून श्वास सोडते तसा.

मी आणखी पुढे गेले. बाण भलतीकडेच पडला, जवळजवळ शेवटाला. तिथे पुन्हा गाणं होतं. आजी झोपली. बाबा झोपले. ठकू झोपली. मग आवाज खाली आला, कुजबुजण्याइतका.

"आणि दुपारी येते ती? ती कधी झोपते गं?"

मी मान वर केली. ठकू दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. तिच्या हातात ठोकळा होता.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "तू नको ऐकू."

६

ह्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि ऐकायला बसले. बादली ऐकली. हसणं ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी हेडफोन काढून गुंडाळला आणि म्हणाले, "अगं, तूच आहेस की."

"मी नाही."

"बायकोचा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"आणि बादली?"

"बादली आपण मागच्या आठवड्यात आणली. म्हणजे त्यानंतर तू गायलीस. एवढाच अर्थ होतो त्याचा." ते हळू बोलत होते. आजारी माणसाशी बोलावं तसं. "दमतेस तू. दुपारी येऊन बसत असशील पोरीशी खेळत, माइक चालू असेल. नंतर लक्षात राहत नाही."

"दुपारी येते ती कोण मग? मी मलाच विचारते?"

त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी ठकूला माझ्या हातून घेतलं आणि स्वतः भरवलं. मी बघत राहिले. माझा त्यांच्यावर जो संशय होता तोच आता त्यांच्या डोळ्यांत माझ्याकडे बघत होता.

खरं सांगू? मलाही वाटून गेलं, त्यांचं बरोबर असेल. दिवसभर खोक्यांना घड्या घालताना मी काय विचार करते ते मला घरी आल्यावर आठवत नाही. हात आपोआप चालतात. तोंडही चालत असेल. मी मनाशी हिशेब लावला. दुपारी मी घरात येते, जेवते, धुणं करते, संध्याकाळ होते. त्या फायलीत जेवढं बोलणं होतं तेवढं बोलायला माझ्या दुपारी पुरल्या नसत्या. सगळ्या दुपारी एकापुढे एक जोडल्या तरी.

हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काढून टाक ती फाईल. आत्ताच."

७

मी काढली. माझ्याच हाताने. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे का? मी अक्षर अक्षर लावून वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग हो म्हटलं. कचरापेटीही उपसली.

पट्टी लालच राहिली.

भाऊजी फोनवर म्हणाले, "बंद करून चालू करा." केलं. लाल. "फाईल दिसतेय का?" नाही. "मग जागा मोकळी व्हायला हवी वहिनी. कापूस काढला तर उशी रिकामी होणारच." दुसरं काहीबाही त्यांनी करायला लावलं. आकडा तिळभर हलला नाही. फाईल नव्हती आणि तिची जागा मात्र अडलेली होती. माणूस उठून गेल्यावर खुर्चीवर कुणी बसू नये तशी.

"उद्या डबाच घेऊन जातो," भाऊजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन खरंच घेऊन गेले. वायरी गुंडाळल्या, पडदा काखेत, डबा दोन्ही हातांत. मी ठकूला पोटाशी धरून बसले होते. वाटलं, आता आकांत करील.

ती रडली नाही. डबा दारातून बाहेर गेला, तिने बघितलंसुद्धा नाही. आतल्या खोलीकडे बघत होती, टेबलाखाली, जिथे वायरींची धूळ उरली होती. आणि हसली.

दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला, खुशीत. "वहिनी, तुमचा प्रॉब्लेम सुटला. इथे लावून बघितली डिस्क. अगदी रिकामी. कोरी करकरीत. तुम्ही काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. मी फोन ठेवला. एवढं सगळं कुठेतरी गेलं होतं. पाणी भांड्यातून सांडलं तर जमीन ओली होते.

त्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तेव्हा ठकू आजींच्या मांडीवर होती. मला बघून ती आजींच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, कारण आजींना हळू बोललेलं ऐकू येत नाही हे तिला कळतं.

"आजी, दुपारची आली."

आजींना तेही नीट ऐकू आलं नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो हो, आई आली."

ठकूने मान हलवली. नाही म्हणून.

८

मी नोकरी सोडली. ह्यांचा विरोध नव्हता. माझी तब्येत बरी नाही असं त्यांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते सोपं गेलं.

घरी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हाक मारली तर ठकू येत नाही. ऐकू येत असतं, मान वळते, पण ती थांबते आणि विचार करते. अनोळखी माणसाने चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही, असं आपण मुलांना शिकवतो ना? तिचा चेहरा तसा होतो. कुणीतरी तिला शिकवलं आहे.

आणि ती आई म्हणून हाक मारते तेव्हा मला ओ द्यायला उशीर होतो. एक दिवस मी कणीक मळत होते. आतून आली, "आई?" मी तोंड उघडलं. ओ आधीच गेलेली होती. माझ्याच आवाजात. भिंतीतून म्हणावं तर भिंतीतून नाही, माझ्या घशातून म्हणावं तर मला घशात काही जाणवलं नाही. मी कणकेच्या हातानेच धावले. ठकू पलंगावर बसून बाहुलीला झोपवत होती. बादली झोपली, म्हणत होती.

त्या दिवसापासून मी नियम केला. हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर जायचं, खाली बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा आणि मग बोलायचं. आवाज कुणालाही उचलता येतो. हात येत नाही, असं मला वाटलं. आणि ते लागू पडलं. दोन-तीन दिवसांत ठकू सैलावली. मी हात धरला की ती माझ्या तळव्यावर गाल ठेवायची. एकदा तर आपण होऊन म्हणाली, "तू आई." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आज सकाळची गोष्ट. स्वच्छ उजेड होता. आजी बाहेरच्या खोलीत शिवत बसल्या होत्या, ह्यांची गाडी नुकतीच गेलेली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. पाणी कढत घेतलं होतं, मनगटापर्यंत दोन्ही हात लाल झाले होते. आतल्या खोलीतून ठकूचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधल्या शांतता. त्यांची आता मला सवय झाली होती.

मग ती म्हणाली, अगदी लाडात, "आई, तुझा हात गार का गं?"

माझे हात पाण्यात होते.

मी ओरडले नाही. ओरडून उपयोग नव्हता, तो आवाज कुणाचा हे तिला कळलं नसतं. मी ओल्या पायांनी गेले. ठकू खोलीच्या मधोमध उभी होती, पाठमोरी, टेबलाकडे तोंड करून. तिचा उजवा हात वर होता, लहान मूल रस्ता ओलांडताना मोठ्याचं बोट धरतं तेवढा वर. बोटं मिटलेली होती, पण मूठ नव्हती. मध्ये जागा होती. कशाच्या तरी भोवती मिटलेली होती.

मी आत पाऊल टाकलं आणि तो हात खाली पडला, कुणी सोडून द्यावा तसा.

मी तिला उचललं. तिचा उजवा तळवा बर्फासारखा होता. डावा गरम होता.

९

हे मी बाहेरच्या खोलीत बसून लिहिते आहे. ठकू मांडीवर आहे. तिचा उजवा हात मी माझ्या डाव्या हातात धरला आहे आणि तो अजून पूर्ण गरम झालेला नाही. ती माझ्याकडे बघत नाही, आतल्या दाराकडे बघते. मी दार लावून घेतलं आहे. संध्याकाळी हे आले की आम्ही हे घर सोडणार, हे मला त्यांना अजून सांगायचं आहे. आणि ते समोर बसून सांगेन, त्यांचे दोन्ही हात धरून.

फोन करून सांगणं सोपं होतं. पण माझ्या आवाजावर आता माझाच भरवसा नाही, तुम्हीही ठेवू नका. उद्या माझ्या आवाजात कुणी तुम्हाला म्हणालं की ते सगळं मनाचे खेळ होते, मी आता बरी आहे, ठकू मजेत आहे, तर ते ऐकून घ्या आणि फोन खाली ठेवा.

पॅकिंगमधल्या बायांनो, आणि ज्या कुणाच्या हातात हा कागद पडेल त्या आयांनो, लेकरासाठी आपला आवाज घरी ठेवून कामावर जात असाल, तर आज तो शेवटपर्यंत ऐका. तुम्ही थांबलात तिथे तो थांबतो का, एवढंच बघा. आणि ही गोष्ट पुढे पोचवा. शेजारणीला सांगा, बहिणीला सांगा, नणंदेला सांगा. फक्त आवाजात भरून पाठवू नका. जवळ जाऊन बसा. आधी तिचा हात हातात घ्या. गरम असला तरच सांगा.